कीर्द-खतावणीची किल्ली

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. घरांतलीं मुलें लांकडी बैल ओढीत आळीभर हिंडून नुकतींच परतलीं होतीं, आणि मिळालेल्या बोजाऱ्याच्या वांटणीवरून ओसरीवर त्यांचें भांडण चाललें होतें. अशा वेळीं फाटकाशीं एक बाई येऊन उभ्या राहिल्या. समुद्रपूर तालुक्यांतील एका शेतकरी कुटुंबांतल्या. यजमान चैत्रांत वारलेले. पदराखालून त्यांनीं एक शाळकरी वही काढली व एक पान उघडून माझ्या पुतण्यापुढें धरलें. त्यावर त्यांच्या यजमानांच्या हातचें शिसपेन्सिलीचें टिपण होतें : हळकुंड इतकें दिलें, उचल इतकी घेतली, बाकी इतकी येणें. "तुमच्या कंप्युटरात लिवून असन जी," त्या म्हणाल्या, "पाहून सांगा."

पुतण्याला सांगतां येईना. तो खालीं मान घालून उभा राहिला. अखेर सूनबाई पुढें झाल्या, वहींतला आंकडा त्यांनीं वाचला, आणि "तुमच्या वहींत आहे तीच बाकी आम्ही धरतों," असें म्हणून ती रक्कम देवविली. बाई समाधानानें गेल्या. आमच्या घरांत मात्र त्या रात्रीं कोणाला जेवण गोड लागलें नाहीं. आंकडा खरा होता याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं; परंतु एका शेतकऱ्याच्या शाळकरी वहींत जें होतें, तें तीन पदवीधरांनीं चालविलेल्या कंपनीच्या दप्तरीं नसावें, ही गोष्ट लाजिरवाणी होती. त्या लाजेंत माझाहि वांटा आहे. म्हणून या महिन्यापुरती व्याकरणाला सुटी देऊन या सदरांत हिशेबाविषयीं लिहीत आहें.

हकीकत अशी. माझ्या धाकट्या बंधूंचा हा मुलगा पुण्याची नोकरी सोडून दोन मित्रांसह वर्ध्यास आला, आणि तिघांनीं मिळून हळद दळून, पाकिटें भरून विकण्याची एक लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. आमच्या जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून तिला दूरदूरचीं गिऱ्हाइकें येऊं लागलीं. मुलांनीं वेळ बरी साधली होती. बंधूंनीं आपल्या भविष्य-निर्वाह निधींतला मोठा भाग या धंद्यांत घातला. आतां असल्या धंद्यांत हिशेब म्हणजे नुसता जमाखर्च नव्हे. कोणाकडून किती हळकुंड आलें, त्याला उचल किती दिली, दळतांना घट किती आली, कोणत्या घाण्याची पूड कोणत्या पाकिटांत गेली, नागपूरच्या दुकानदाराकडे उधारी किती, हे सारे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ते कागदाच्या वहींत बिनचूक सांभाळणारे दिवाणजी आतां कोठें मिळावयाचे? तेव्हां सॉफ्टवेअर घ्यावयाचें ठरलें.

एका विक्रेत्याचा प्रतिनिधि आला. बोलण्यांत गोड, पहिलें वर्ष मोफत. मुलांनीं माझें मत विचारलें तेव्हां "मोफत मिळतें आहे तर नको कशाला म्हणतां?" असें मीच म्हणालों. दुसऱ्या वर्षीं भाडें सुरू झालें, तिसऱ्या वर्षीं तें एकाएकीं वाढलें, मुलांनीं घासाघीस करण्यांत मुदत घालविली, आणि एका सकाळीं दप्तराला कुलूप पडलें. दप्तर दूरच्या त्यांच्या यंत्रावर, किल्ली त्यांच्याकडे. एका महिन्याचे पैसे भरून कुलूप काढविलें, परंतु बाहेर निघालीं तीं केवळ विक्रीच्या बिलांचीं चित्रें. शेतकऱ्यांच्या उचलीची खतावणी त्यांच्या महागड्या वर्गांतच बाहेर काढतां येते, असें उत्तर आलें. हें सर्व करारनाम्यांत बारीक अक्षरांत छापलेलें होतें. त्यांनीं फसविलें असें मला म्हणतां येत नाहीं. आम्हींच तें वाचलें नव्हतें.

पस्तीस वर्षें मुलांना शब्दार्थ शिकविलेल्या माणसानें मोफत या शब्दाचाच अर्थ विचारूं नये, याला काय म्हणावें! मोफत हा शब्द फारशींतून आलेला. त्याचा संबंध दामाशीं. मुक्त हा शब्द संस्कृत; मुच् धातूचें तें रूप, आणि त्याचा संबंध बंधनाशीं. कानाला दोन्ही शब्द सख्ख्या भावांसारखे लागतात, पण नातें कांहीं नाहीं. इंग्रजींत या दोहोंसाठीं "फ्री" हा एकच शब्द असल्यामुळें तेथें घोटाळा अधिकच. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थानें मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली तेव्हांपासून त्याला हा भेद पुनःपुन्हां समजावून सांगावा लागला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : यंत्राला दिलेल्या आज्ञांचें मूळ लेखन घेणाऱ्याला वाचावयास मिळालें पाहिजे, त्यांत बदल करण्याची त्याला मुभा पाहिजे, आणि मूळ किंवा सुधारलेली प्रत दुसऱ्यास देण्याचीहि मोकळीक पाहिजे. १९८९ सालीं त्यानें याचा एक परवानाच कायद्याच्या भाषेंत तयार केला. त्याची तिसरी आवृत्ति २००७ सालची. अशा सॉफ्टवेअरला हल्लीं मुक्तस्रोत म्हणतात. तें बहुधा मोफतहि असतें, परंतु त्याचें मोल त्यांत नाहीं. माझ्यासारख्याला हें पाणिनीच्या उदाहरणानें चटकन् कळतें. त्याचीं सूत्रें उघडीं होतीं म्हणूनच कात्यायनाला वार्तिकें लिहितां आलीं, पतंजलीला भाष्य करतां आलें, आणि कित्येक शतकांनीं भट्टोजी दीक्षितांना सर्व सूत्रांचा क्रम बदलून कौमुदी रचतां आली. सूत्रें पेटींत बंद असतीं तर पाणिनीबरोबरच व्याकरण संपलें असतें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्याला घेऊन मी मगनवाडींत गेलों. वर्ध्याच्या लोकांना मगन संग्रहालय इतकें जवळचें आहे कीं, पाहुणे आल्यावांचून तिकडे पाय वळत नाहींत. १९३८ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या हस्तें तें उघडलें. त्याच्या चार वर्षें आधीं तेथें ग्रामोद्योग संघाचें काम सुरू झालें होतें. त्या संघाचे सूत्रधार कुमारप्पा हे मूळचे विलायतेंत शिकलेले हिशेबतपासनीस, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. तेथील चरखे पाहतां पाहतां मी पुतण्याला एक जुनी गोष्ट सांगितली. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. त्या काळचे लाख रुपये! अटी मोठ्या विचारानें घातलेल्या होत्या. चरखा खेड्यांतल्या झोंपडींत चालला पाहिजे. एका बाईला आठ तास फारसे श्रम न होतां चालवितां आला पाहिजे. किंमत दीडशें रुपयांच्या आंत. वेळच्या वेळीं निगा राखल्यास वीस वर्षें टिकला पाहिजे. आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक होतां कामा नये. शेवटची अट तर आमच्या विषयाच्या अगदीं गाभ्याची : कारागिरानें स्वतःच्या रक्षणासाठीं पेटंट खुशाल घ्यावें, परंतु बक्षीस हवें असेल तर त्याचे हक्क संघाच्या स्वाधीन करावे. तें बक्षीस कोणालाच मिळालें नाहीं. अटी मात्र आजहि तपासणीच्या उपयोगी पडतात.

पुतण्यानें तेथेंच खिशांतून कागद काढला आणि अटी उतरून घेतल्या. मला तें पाहून बरें वाटलें. शाळेंत त्यानें माझें कांहीं उतरून घेतल्याचें आठवत नाहीं.

मग शोधाला प्रारंभ झाला. तीन नांवें पुढें आलीं. पहिलें ग्नूकॅश. हें साधें, घरच्या संगणकावर बसणारें, दुहेरी नोंदीचें चोख पुस्तक आहे. एकटादुकटा मनुष्य लहान धंदा करीत असेल, तर हें आणि लिब्रेऑफिसचा तक्ता एवढ्यावर त्याचें पुष्कळ दिवस भागेल. पहिल्याच वर्षीं हत्ती दारांत बांधूं नये. परंतु वस्तु व सेवा कराचीं आपल्याकडचीं पत्रकें त्यांतून तयार होऊन निघत नाहींत, आणि मालाच्या घाण्यांचा मागहि त्यांत राहत नाहीं. दुसरें ओडू. हें बेल्जमचें; २००५ सालीं टायनी-ई.आर.पी. या नांवानें जन्मलें, मोठें देखणें, आणि जगभर पसरलेलें. याच्या दोन आवृत्त्या आहेत. एक मुक्त व एक सशुल्क. आणि बिलें करण्याचा भाग मुक्त आवृत्तींत असला तरी संपूर्ण हिशेबाचा भाग सशुल्क आवृत्तींत ठेवलेला आहे. यांत लपवाछपवी नाहीं, हा त्यांचा उघड व्यवहार आहे. परंतु घेणाऱ्यानें दार कोणतें उघडें आणि कोणतें बंद, हें आधीं पाहावें.

तिसरें ई.आर.पी.-नेक्स्ट. हें मुंबईचें. ऋषभ मेहता यांनीं घरच्या फर्निचरच्या धंद्याचा हिशेब नीट लागावा म्हणून या कामांत हात घातला, आणि २००८ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कंपनी काढली. तिचें आजचें नांव फ्रॅपे. परवाना वर सांगितलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा, आणि हिशेब, साठा, खरेदी, उत्पादन हे सर्व भाग एकाच मुक्त प्रतींत आहेत. शेअरबाजारांतील बंगळूरची झेरोधा ही मोठी पेढी याचा उपयोग करते, असें पुतण्या मोठ्या अभिमानानें सांगूं लागला. मी म्हणालों, "बाळ, झेरोधाला हळद दळावयाची नाहीं."

जाहिरातीवर, मित्रांच्या शिफारशीवर, किंवा मोठ्या पेढीच्या नांवावर निवड करावयाची नाहीं, असें मीं बजावलें. एका सरलेल्या महिन्याचीं खरीं बिलें व पावत्या घेऊन सूनबाई आणि मी ओडू व ई.आर.पी.-नेक्स्ट या दोहोंत त्या ओळीनें भरीत बसलों. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांना हेंच करावयास सांगेन, कारण विक्रेत्याच्या नमुन्यांतला व्यापारी सदैव नोंदलेला असतो, पैसे वेळेवर देतो, आणि माल कधीं परत पाठवीत नाहीं. आमच्या महिन्यांत सर्व कांहीं होतें. शेतकऱ्याला कराची नोंदणी लागत नाहीं, म्हणून त्याच्या खरेदीवर कर नाहीं व त्याचा क्रमांकहि नाहीं. नागपूरच्या विक्रीवर शेंकडा पांच कराचे केंद्र व राज्य असे अडीच-अडीचाचे दोन भाग. रायपूरच्या विक्रीवर तोच पांच टक्के एकत्र, कारण तें परराज्य. एका दुकानदारानें ओलसर पाकिटें परत केलेलीं. एका शेतकऱ्यानें उचल घेऊन माल दोन खेपांत आणलेला. या शेवटच्या नोंदीपाशीं आम्ही ओडूच्या मुक्त आवृत्तींत अडलों. कोणी जाणत्यानें ती वाट काढून दिली असती, पण वर्ध्यांत तो जाणता मिळाला नाहीं. ई.आर.पी.-नेक्स्टमध्यें उचल आणि माल यांची जोड लागली. मात्र भारतीय कराचा भाग २०२२ पासून मूळ सॉफ्टवेअरांतून वेगळा काढून त्याचें निराळें जोडपत्र केलेलें आहे, आणि तें बसविल्यावांचून कराचा एकहि रकाना दिसत नाहीं, हें कळेपर्यंत आमचे दोन दिवस फुकट गेले.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा मीं शेवटीं ठेवली होती. भरलेलें सगळें बाहेर काढून दाखवा! चित्रांच्या रूपानें नव्हे, आंकड्यांच्या रूपानें. आणि दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर तें पुन्हां भरून, तीच बाकी येते कीं नाहीं तें दाखवा. पुतण्याच्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून हा प्रयोग झाला. त्या विधवा बाईंच्या खात्याची बाकी, जी सूनबाईंनीं वहींतून उतरून मुद्दाम भरली होती, ती त्या जुन्या लॅपटॉपवर जशीच्या तशी उमटली, तेव्हां सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें, आणि निवड झाली असें मीं समजलों.

खर्चाविषयीं भ्रम नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आमच्या शाकाहारी घरांतहि खरी ठरली. सॉफ्टवेअरला दाम नाहीं. परंतु तें ज्या यंत्रावर राहील त्याचें भाडें, बसवून देणाऱ्या गृहस्थाचें वेतन, माणसांना शिकविण्यांत गेलेले दिवस, हें सर्व मोजावें लागतें. फ्रॅपेचे लोक स्वतःच्या यंत्रावर जागा भाड्यानेंहि देतात. म्हणजे पुन्हां भाडेंच कीं नाहीं, असा बंधूंचा आक्षेप होता. होय, भाडेंच. परंतु घर न पटल्यास सामानासह उठून जातां येतें, हा फरक ज्यानें रस्त्यावर सामान अडकलेलें पाहिलें आहे त्यालाच कळतो.

खरी अडचण हिशेबतपासनीसांनीं काढली. ते जुन्या वळणाचे; बंगळूरच्या टॅलीशिवाय त्यांना दुसरें कांहीं रुचत नाहीं, आणि मुलांना वाटलें कीं, हा नुसता हट्ट आहे. परंतु त्यांचा प्रश्न ऐकून मी गप्प झालों. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला असा नियम लागू आहे कीं, तिच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करतां येऊं नये. ते म्हणाले, "मास्तर, तुमचें सॉफ्टवेअर मुक्त. म्हणजे ज्याच्या हातीं तें आहे तो आंतल्या आज्ञा बदलूं शकतो. मग ती नोंद त्यानें बंद केली नाहीं, हें मीं सहीनिशीं कसें लिहावें?"

प्रश्न अगदीं रास्त होता. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या हातीं कडीहि. मुक्ततेची ही दुसरी बाजू मला कोणी सांगितली नव्हती. ई.आर.पी.-नेक्स्टमध्यें पक्की केलेली नोंद खोडतां येत नाहीं, ती रद्द करून नवी करावी लागते आणि जुनी दिसत राहते. भारतीय जोडपत्रांतील फेरफाराची नोंदहि एकदां चालू केली म्हणजे पडद्यावरून बंद होत नाहीं. परंतु यंत्राच्या मुळाशीं पोंचणाऱ्याला पडद्याचें काय भय? पुष्कळ बोलणें झाल्यावर असें ठरलें कीं, हिशेब लिहिणाऱ्यानें यंत्राच्या मुळाशीं जावयाचें नाहीं, आणि मुळाशीं जाणाऱ्यानें हिशेब लिहावयाचा नाहीं. हिशेब सूनबाई लिहितील. यंत्र भाड्याच्या जागीं राहील. मूळ आज्ञांना घरांतलें कोणी हात लावणार नाहीं. आणि कोणत्या दिवशीं कोणती आवृत्ति चालू होती याची कागदी नोंद तपासनीसांकडे राहील. दप्तराची नक्कल रोजच्या रोज भारतांतीलच यंत्रावर ठेवावी, असाहि नियम आहे, आणि कंपनीचीं पुस्तकें ८ वर्षें जपावीं लागतात. तीहि सोय लावली. तपासनीस राजी झाले, पण वर्षअखेरीस आंकडे टॅलींत घालून पडताळीनच, असें म्हणाले. म्हणा बापडे, दुसऱ्या डोळ्याचा मला कधींच राग आला नाहीं.

"मूळ आज्ञांना हात लावावयाचा नाहीं" हा नियम पुतण्यानें एका महिन्याच्या आंत मोडला. पावतीवर एक रकाना हवा होता. त्यासाठीं सॉफ्टवेअरांतच वेगळा रकाना जोडण्याची सोय आहे, परंतु येतें म्हटल्यावर करून पाहण्याचा मोह कोणाला सुटला आहे? त्यानें मूळ लेखनांतच दोन ओळी घुसडल्या. पुढें नवी आवृत्ति चढविण्याच्या दिवशीं त्या दोन ओळींपायीं सर्व अडलें, आणि ऐन दिवाळीच्या तोंडीं दोन दिवस बिलें हातानें फाडावीं लागलीं. तपासनीसांना हें मीं स्वतः जाऊन सांगितलें. पुतण्या चार दिवस माझ्याशीं नीट बोलला नाहीं. यंत्राची किल्ली आतां त्याच्या दुसऱ्या मित्राकडे असते.

मजकडे एक निराळें काम आलें. पाकिटें भरणाऱ्या बायकांना पडद्यावरचे इंग्रजी शब्द अडत. मुक्तस्रोताची एक गंमत अशी कीं, हे शब्द आपले आपल्याला बदलतां येतात. त्यासाठीं मूळ आज्ञांना धक्का लावावा लागत नाहीं. प्रथम मीं मोठ्या उत्साहानें "समूह-क्रमांक", "प्रक्रिया-हानि" असे शब्द योजिले. एका बाईंनीं ते वाचले आणि विचारलें, "मास्तर, हे घाण्याचंच नाव होय का?" तेव्हां बॅचला घाणा, तुटीला घट, ॲडव्हान्सला उचल, असेंच सर्व केलें. संस्कृत शिकलेल्या माणसाला हा थोडा पराभव होता, परंतु नोंदींतल्या चुका त्या आठवड्यापासून कमी झाल्या.

जुन्या दप्तरांतून न निघालेल्या शेतकऱ्यांच्या बाक्या अजून जुळवावयाच्या आहेत. सूनबाई आणि मी दर रविवारीं समुद्रपूरच्या बाजूला जातों, लोकांच्या वह्या, कॅलेंडरच्या पाठी, औषधाच्या दुकानाच्या पिशव्यांवरचीं टिपणें, जें मिळेल तें पाहतों, आणि त्यांच्या समोर आंकडा भरून मराठींतली पावती हातांत देतों. तान्ह्या पोळ्याला आलेल्या बाईंकडे गेलों तेव्हां त्यांनीं पावती नीट वाचली, आणि यजमानांच्या वहींत त्याच पानांत ती घडी करून ठेवली. अकरा घरें राहिलीं आहेत.